सोबत नेलेलं बंदर

शनिवार, साउथएंड

थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे, साउथएंड गावात, दोन किलोमीटरहून लांब धक्का पाण्यात गेलेला आहे. निव्वळ फिरण्यासाठी बांधलेल्या धक्क्यांमध्ये जगात सर्वांत लांब. टोकापर्यंत न्यायला छोटी आगगाडीसुद्धा आहे. आम्ही मात्र त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला, थॉर्प बेच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे ओहोटीला चिखलातून काँक्रीटची एक मोडकी पेटी वर येते आणि बाबांना ती बघायची होती.

बाबा रत्नागिरीहून उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आलेत. नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, तीही बहुतेक खाडीवरचे पूल आणि जेट्ट्या बांधण्यात गेलेली. लंडनचे राजवाडे त्यांनी एका दुपारीत उरकले. "देखभाल चांगली आहे," एवढाच शेरा. शेवटी नवऱ्यानेच ही सहल काढली: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तुकड्यातुकड्यांनी बांधून इंग्लिश खाडीपार ओढत नेलेलं मलबेरी बंदर, आणि त्याचे आजवर उरलेले तुकडे. शेंगेनचा व्हिसा बाबांनी मुंबईहूनच करून आणला होता.

झालं होतं असं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये दोस्त सैन्याने फ्रान्समधल्या दिएप बंदरावर थेट हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. जर्मनांनी तटबंदी केलेलं बंदर समोरून घेता येत नाही, आणि घेतलंच तर हाती येईपर्यंत ते सुरुंगांनी उद्ध्वस्त झालेलं असणार, हे तेव्हा कळून चुकलं. बरं, बंदराशिवाय लाखोंचं सैन्य पोसायचं कसं? मग बंदरच सोबत न्यायचं ठरलं. चर्चिलची चिठ्ठी तर त्याच्याही आधीची, ३० मे १९४२ ची: धक्के भरती-ओहोटीबरोबर वरखाली झाले पाहिजेत, नांगराचा प्रश्न सुटला पाहिजे, आणि माझ्याशी वाद घालू नका, अडचणी स्वतःचा वाद स्वतःच घालतील. ही चिठ्ठी गेली लॉर्ड माउंटबॅटनकडे; पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला तोच. कॅनडात क्वेबेकला झालेल्या दोस्तांच्या परिषदेत शिक्कामोर्तब झालं ऑगस्ट १९४३ मध्ये. सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरणार होतं पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे उरले जेमतेम नऊ महिने.

"नऊ महिन्यांत आमच्याकडे निविदासुद्धा निघत नाही," बाबा म्हणाले.

समोर चिखलात पडलेली पेटी त्याच बंदराची. अशा पेट्यांचं सांकेतिक नाव फिनिक्स. आतून पोकळ, कप्पे पाडलेले; पाण्यावर तरंगतात, टगबोटीने ओढून न्यायच्या, जागेवर पोचल्यावर झडपा उघडून आत पाणी घ्यायचं आणि तळाला बसवायच्या. अशा पेट्या ओळीने बसवल्या की लाटा अडवणारी भिंत तयार. सर्वांत मोठी पेटी ६० मीटर लांब, १८ मीटर उंच, वजन ६ हजार टन. साउथएंडच्या पेटीला १९४४ च्या जूनमध्ये ओढून नेत असताना गळती लागली. बुडून जहाजांच्या वाटेत यायला नको म्हणून ती इथल्या वाळूच्या पट्ट्यावर टेकवली, आणि तिथे तिची पाठ मोडली. २००४ पासून ती सरकारी संरक्षित स्मारक आहे.

पेटी किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटर आत. ओहोटीला चालत जाणारे हौशी असतात, पण इथली भरती मागून, खाचरांमधून भरत येते आणि माणूस समोर बघत असताना परतीची वाट बुडते. बचावपथकाला इथे वारंवार धावावं लागतं. बाबांनी पँट दुमडायला सुरुवात केली होती. आम्ही दोघांनी मिळून ती परत खाली करायला लावली. मग दुर्बिणीतून पाहणी झाली. "मधोमध गेली आहे. दोन टोकं वाळूवर टेकली आणि मधला आधार सुटला, दुसरं काय होणार!"

रविवार, लेपे आणि हेलिंग बेट

लेपे हा इंग्लंडच्या दक्षिणेला, सोलंट सामुद्रधुनीच्या काठावरचा शांत किनारा. आईस्क्रीमची गाडी, कुत्री, पतंग उडवणारी पोरं. त्याच्या पूर्व टोकाला पंधरा मिनिटं चालत गेलं की एका जुन्या साइटवर आपण उभे असतो. सहा फिनिक्स पेट्या इथे चक्क किनाऱ्यावर बांधल्या आणि भरती साधून आडव्या घसरवत पाण्यात लोटल्या. कारण साधं होतं: देशातल्या गोद्या कमी पडत होत्या. थेम्सच्या काठी तर नदीलगत मोठमोठे खड्डे खणून त्यात पेट्या बांधल्या आणि मग काठ फोडून पाणी आत घेतलं.

काँक्रीटचे लांब ओटे, दोर बांधायचे लोखंडी खुंट, जड वाहनं रुतू नयेत म्हणून वाळूवर अंथरलेल्या चौकटींच्या काँक्रीटच्या लाद्या, आणि पाण्यात उभे दोन उंच सांगाडे, जिथून पुढे सैन्य जहाजांवर चढलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना हा सगळा राडारोडा वाटतो. बाबा मात्र इथे सर्वांत जास्त रमले. कुठे मिक्सर असेल, खडी कुठून आली असेल, शटरिंग कुठे रचलं असेल, याचा त्यांनी ओट्यावर उभं राहून अंदाज बांधला. एका ओट्याच्या कडेला गेल्या काही वर्षांत समुद्राने मागची माती खाल्ली आहे. पूर्वी जमिनीत असलेला पाया आता उघड्यावर. इथे माहितीफलक आहेत, वाट आखलेली आहे. पण लाटेला फलक वाचता येत नाही.

संध्याकाळी हेलिंग बेटाच्या टोकाला. लँगस्टन खाडीच्या तोंडाशी वाळूवर कललेली आणखी एक फिनिक्स, साउथएंडपेक्षा लहान. ही इथेच बांधली, बांधतानाच तडकली, आणि फ्रान्सला जायच्या लायकीची राहिली नाही म्हणून बाजूला ओढून सोडून दिली. तिच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते.

"म्हणजे ही नापास झाली म्हणून वाचली," नवरा म्हणाला. बाबांनी मान हलवली. नापास कामाबद्दल त्यांना हसायला आवडत नाही.

रात्री पोर्ट्समथहून फ्रान्समधल्या ओइस्त्रेआमची फेरी. बाबा तास-दीड तास डेकवर. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ठिकठिकाणी तळाला बसवून ठेवलेल्या पेट्या पाणी उपसून परत तरंगवायच्या, आणि मग ताशी सहा-सात किलोमीटरच्या गतीने याच पाण्यातून ओढायच्या. जर्मन पाणबुड्या आणि विमानं होतीच, म्हणून काही पेट्यांच्या माथ्यावर विमानविरोधी तोफ आणि ती चालवणाऱ्यांना राहायला खोपटं. सहा हजार टनांच्या पेटीवर बसून, अंधारात, चालण्याच्या वेगाने समुद्र ओलांडायचा! मला केबिनमध्ये झोप लागली नाही, पण त्याला बहुधा कॉफी जबाबदार होती.

सोमवार, आरोमांश

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. आज पौर्णिमा, म्हणजे पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. बाबांनी हा हिशोब केला, मी फोनवर वेळापत्रक बघितलं, थोड्याफार फरकाने जमलं! निव्वळ योगायोग, कारण दर किनाऱ्याची भरती वेगळी. पण बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. डी-डेलाही, म्हणजे दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं त्या ६ जून १९४४ ला, पौर्णिमाच होती, ज्येष्ठातली. उजेडाला चंद्र हवा आणि पहाटे ओहोटी हवी, तरच वाळूत पुरलेले जर्मनांचे अडथळे उघडे दिसणार. तारीख ठरवणाऱ्यांनी त्यांच्या परीने पंचांगच बघितलं होतं.

आम्ही टेकडीवर पोचलो तेव्हा समुद्र तुडुंब. खाली आरोमांश, नॉर्मंडी किनाऱ्यावरचं इवलंसं गाव, आणि समोर पाण्यात अर्धवर्तुळात काळ्या ठिपक्यांची तुटक ओळ. वीसेक पेट्या अजून डोकं वर काढून आहेत. एके काळी ही ओळ सलग होती आणि तिच्या आत डोव्हरच्या बंदराएवढं पाणी अडवलेलं होतं. जून ७ पासून आधी जुनी जहाजं रांगेने बुडवली, मग ९ तारखेपासून फिनिक्स बसवायला सुरुवात झाली. मुद्दाम बुडवलेल्या जहाजांच्या अशा रांगा सैन्य उतरलेल्या पाचही किनाऱ्यांसमोर होत्या. त्यांत फ्रान्सची जुनी युद्धनौका कुर्बे होती, डचांची सुमात्रा आणि पोलंडची ड्रॅगनही. बंदर इथे करायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे आरोमांशवर समुद्रातून हल्ला केलाच नाही. ब्रिटिश फौज पूर्वेला उतरली आणि ६ जूनच्या संध्याकाळपर्यंत जमिनीवरून गावात आली.

लाटा अडवणं हा अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा असा की इथे भरती-ओहोटीत सहा-सात मीटरचा फरक पडतो. रत्नागिरीत उधाणालाही याच्या निम्मं पाणी चढत नाही. मग जहाजातून उतरलेला रणगाडा दिवसाच्या कुठल्याही वेळी जमिनीवर कसा न्यायचा? खोल पाण्यात, चार उंच पायांवर वरखाली सरकणारे धक्के होते. पाय २७ मीटरचे, समुद्राच्या तळावर रोवलेले, आणि धक्का पाण्याबरोबर त्यांवर चढतो-उतरतो. ही कल्पना गाळ उपसणाऱ्या जहाजांकडून घेतलेली. तिथून किनाऱ्यापर्यंत तरंगता रस्ता: २४ मीटरचा एकेक लोखंडी गाळा, खाली काँक्रीटचे नाहीतर पोलादाचे तराफे. रस्त्याचं नाव व्हेल, तराफ्याचं बीटल. लाटेत एक तराफा उजवीकडे कलला आणि शेजारचा डावीकडे, तरी मधला गाळा पिळला जाऊन मोडता कामा नये. ही करामत ॲलन बेकेट नावाच्या तरुण अभियंत्याची. तराफा जागेवर धरून ठेवणारा नांगरही त्याचाच, आणि तो तळात इतका घट्ट रुतायचा की युद्धानंतर फारच थोडे नांगर उपटता आले. नौदलाने मात्र त्याच्या दाव्यावर विश्वास ठेवला नव्हता. गावात बेकेटचं स्मारक आहे, त्या नांगराच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीसह. चर्चिल आणि सेनापती सगळीकडे भेटतात. जोडणीचा सांधा काढणाऱ्याचं स्मारक मी पहिल्यांदा पाहिलं. बाबांनी त्याच्यासमोर फोटो काढून घेतला, असा फोटो त्यांनी बकिंगहॅम राजवाड्यासमोर काढून घेतला नव्हता.

किनाऱ्यालगतचं संग्रहालय १९५४ मध्ये उघडलं. नवीन इमारत २०२३ ची. आतली चालती प्रतिकृती बघितल्यावर बाकी कशाला फार वेळ देऊ नये असं माझं मत. पदकं, गणवेश, बंदुका नॉर्मंडीत पावलोपावली आहेत. इथे काचेतून प्रतिकृती बघायची आणि त्याच खिडकीबाहेर खऱ्या पेट्या.

जेवायला शिनाणे, सायीत शिजवलेले. बाबांनी खिशातून तिखटाची डबी काढली. वाढणाऱ्या मुलीने वास घेऊन बघितला आणि दोन पावलं मागे गेली.

मंगळवार, आरोमांशची ओहोटी, मग ओमाहा

सकाळी साडेसातला समुद्र मागे गेला होता आणि काल बुडालेलं सगळं वाळूवर पसरलेलं होतं. किनाऱ्यालगत पडलेले ते बीटल तराफे. जवळून बघितले की त्यांच्या भिंती किती पातळ आहेत ते कळतं. जड काँक्रीट तरंगवायचं तर दुसरा इलाज नाही. खालचा भाग शिनाण्यांनी आणि शेवाळाने मढलेला, वरचा उघडा. सळया बाहेर आलेल्या, आणि गंजाचे चिरोट्यासारखे पापुद्रे हात लावला की सुटतात.

बाबांचं व्याख्यान इथे झालं. काँक्रीट समुद्रात कायम बुडालेलं असेल तर बरंच टिकतं. मार बसतो तो दिवसातून दोनदा भिजण्या-सुकण्याच्या पट्ट्यात. खारं पाणी आत शिरतं, सुकताना हवा आत जाते, सळई गंजते, गंजून फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडते. सळईवर दोन-अडीच इंच काँक्रीटचं कव्हर असतं तर गोष्ट वेगळी. "पण त्यांना कव्हर कशाला हवं होतं? एक उन्हाळा काढायचा होता."

हे मात्र खरं. बंदराची अपेक्षा सुमारे तीन महिन्यांची होती. पुढे हिवाळ्यासाठी पेट्या भक्कम केल्या, नव्या जास्त मजबूत पेट्या आणल्या. नोव्हेंबर १९४४ च्या अखेरीस बेल्जियममधलं अँटवर्पचं बंदर सुरू झालं आणि आरोमांशची गरज संपत आली. त्यानंतर ऐंशीहून अधिक हिवाळे या पेट्या उभ्या आहेत, पण दरवर्षी थोड्या कमी. फ्रान्सने २०१४ मध्ये हे किनारे युनेस्कोच्या संभाव्य यादीत घातले. जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तरी समुद्रातल्या या पेट्यांचं करणार काय, हा प्रश्न मला पडला. त्यांच्याभोवती नवीन भराव घालायचा, की वरून काँक्रीटचा थर द्यायचा? मग ती नवी भिंत झाली. मोजून, फोटो काढून, नकाशे करून ठेवावेत आणि पडतील तशा पडू द्याव्यात असं मला वाटतं. बाबांना हे अजिबात पटलं नाही. दोन-तीन तरी निवडून वाचवायला हव्यात, खर्च गेला खड्ड्यात, असं त्यांचं म्हणणं. नाश्त्यापर्यंत वाद चालला.

दुपारी ओमाहा किनाऱ्यावर, सेंट-लॉरांला. दुसरं मलबेरी इथे होतं, अमेरिकन सैन्यासाठी. १९ ते २२ जूनच्या वादळात ते मोडलं. बाहेर समुद्रात नांगरलेले पोलादी तरंगते लाटरोधक सुटून आत घुसले, रस्ते पिळवटले. वापरण्याजोगे भाग काढून आरोमांशच्या दुरुस्तीला दिले. आणि मग गंमत अशी की अमेरिकन लोकांनी मोठी सपाट बुडाची जहाजं ओहोटीला सरळ वाळूवर बसवून सामान उतरवायला सुरुवात केली, आणि आधीपेक्षा जास्त सामान उतरवलं!

"मग एवढा खटाटोप कशाला?" बाबांचा प्रश्न रास्त आहे, इतिहासकारही तो विचारतात. माझं उत्तर असं की वाळूवर काम भागतं हे जूनच्या शेवटी कळलं. बंदराचा भरवसा नसता तर जूनच्या सुरुवातीला कुणी निघायलाच तयार झालं नसतं. बाबा म्हणाले, हे उत्तर ऑडिटमध्ये चालणार नाही.

किनाऱ्यावर सैनिकांच्या थडग्यांकडे जाणाऱ्या लोकांची रांग होती. आम्हीही गेलो. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

बुधवार, नुसता प्रवास

नॉर्मंडी ते झीलंड, फ्रान्स आणि बेल्जियम पार करून. नवऱ्याने गाडी चालवली, बाबा घोरले, मी पेट्रोलपंपांवरचे सँडविच खाल्ले. सांगण्यासारखं एवढंच की युद्धानंतर व्हेलचे कितीतरी गाळे उचलून फ्रान्समधल्या नद्यांवर पूल म्हणून बसवले, कारण खरे पूल बाँबहल्ल्यांत गेले होते. त्यांतले काही अजून आहेत. आमच्या वाटेत एकही नव्हता.

गुरुवार, ओउवरकर्क

नेदरलँड्सच्या नैर्ऋत्येला झीलंड प्रांत, समुद्रसपाटीच्या खाली, बांधांच्या आड. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वायव्येचं वादळ आणि पौर्णिमेनंतरचं उधाण एकत्र आलं आणि बांध शेकडो ठिकाणी फुटले. १८३६ माणसं गेली. बांधाला पडलेलं खिंडार लगेच बुजवलं नाही तर भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करत ते रोज रुंद आणि खोल करत जातं. खाजण राखणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओउवरकर्कचं खिंडार सर्वांत शेवटपर्यंत राहिलं. माती, दगड, काही टिकेना.

तेव्हा इंग्लंडमध्ये उरलेल्या फिनिक्स पेट्यांची आठवण झाली. १९४५ मध्येही, बाँबहल्ल्याने फुटलेले झीलंडमधल्याच वाल्खेरनचे बांध बुजवताना डचांनी मलबेरीचे सुटे भाग वापरलेच होते. चार मोठ्या पेट्या ओढत इथे आणल्या, प्रत्येकी साठ मीटरहून लांब, आणि ओळीने खिंडारात बसवल्या. अवघड शेवटची. खिंडार अरुंद झालं की पाण्याचा वेग वाढतो, पेटी हातातून निसटते. म्हणून भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या मधे पाणी थबकतं, तेवढी थोडी मिनिटं साधायची. ६ नोव्हेंबर १९५३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शेवटची पेटी बसली आणि झीलंड बंद झालं.

त्या चार पेट्या तिथेच आहेत, बांधाचा भाग होऊन, बाजूंनी गवत चढलेल्या. २००१ पासून त्यांत पुराचं संग्रहालय आहे, आणि जागा राष्ट्रीय स्मारक आहे. एका पेटीतून दुसरीत चालत जाता येतं. लाटा अडवायला बांधलेल्या पेटीच्या आत, कोरड्या जमिनीवर उभं राहायला मिळेल ही ठिकाणं जगात फार नसतील. भिंती उघड्याच ठेवल्या आहेत, शटरिंगच्या फळ्यांचे ठसे अजून दिसतात. बाबांनी तळहात फिरवला, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला. एवढंच नाही, डोळे मिटूनही ऐकला. "एकदम ठणठणीत. परवा आणि आज, एकाच घराण्याचं काँक्रीट."

पहिल्या पेटीत पुराची हकीकत आणि खिंडार बुजवण्याची. दुसरीत अंधार, आणि वाळूच्या जमिनीवर प्रकाशाने उमटत जाणारी मृतांची नावं. नोंदीत १८३५ नावं. एक बाळ त्याच रात्री जन्माला येऊन गेलं, त्याची नोंदच झाली नव्हती, ते शेवटचं. आम्ही तिथे बराच वेळ होतो. २००५ च्या जुलैत मुंबईत अडकलेला नवरा तिथून लवकर बाहेर पडला. तिसरीत पुनर्बांधणी, जगभरातून आलेली घरं आणि कपडे. चौथीत पुढचं: समुद्र किती चढेल, बांध किती उंच करावे लागतील.

तिथल्या एका वयस्क स्वयंसेवकाला बाबांनी आपल्या रत्नागिरी इंग्रजीत विचारलं, या पेट्या नेमक्या कुठून आल्या? त्याने इंग्लंडच्या नकाशावर बोट ठेवलं. नवऱ्याने तेवढ्यात फोनवर आणखी एक गोष्ट काढली: १९४६ मध्ये पोर्टलंडच्या बंदरात वारा अडवायला दहा फिनिक्स ठेवल्या होत्या, त्यांतल्या आठ १९५३ मध्ये पुरानंतर नेदरलँड्सला गेल्या. दोन अजून तिथेच आहेत, संरक्षित यादीतल्या, किनाऱ्यावरून आरामात दिसणाऱ्या.

"आणि त्या आपण बघितल्या नाहीत?" बाबा.

"बाबा, ते डोर्सेटमध्ये आहे. आपण हेलिंगहून उलट्या दिशेला आलो."

"परत जाताना कोणत्या बाजूने जायचं आहे?"

बाबांचं विमान रविवारी रात्रीचं. शनिवारी पोर्टलंड.